१२८ चा तक्ता पाठ करण्याआधी

मस्कतमध्ये राहणाऱ्यांना हमरिया काय आहे ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की रुवीला लागून असलेली ही जुनी, दाट वस्ती आहे. एकेका खोलीत चार-सहा जण राहतात. खाली किराणा, सलून, मोबाइल दुरुस्ती आणि कोपऱ्यावर कॅफेटेरिया. (आखातात चहाच्या टपरीलासुद्धा कॅफेटेरियाच म्हणतात.) मल्याळी, बंगाली, उर्दू सगळं कानावर पडतं, आणि कधीतरी मागच्या टेबलावरून एखादं साताऱ्याकडचं मराठीही.

तसंच एक वाक्य एका शुक्रवारी ऐकू आलं. "ह्या दोनाच्या पाढ्यानं डोकं उठवलंय बघ," कोणीतरी फोनवर मित्राला सांगत होतं. मी वळून पाहिलं. पंचविशीतला मुलगा, समोर करक चहा आणि एक वही. वहीत एकाखाली एक शून्य आणि एकच्या ओळी. ओळख झाली. आयटीआय करून इथे आलेला, एका कंत्राटदाराकडे इमारतींमध्ये नेटवर्कच्या केबल ओढायचं आणि कॅमेरे बसवायचं काम करतो. सिस्कोची सीसीएनए परीक्षा द्यायची होती आणि बायनरीचं दशमान करण्यापाशी गाडी अडली होती.

मी संगणकवाला नाही. प्रयोगशाळेतल्या उपकरणांकडून येणारे आकडे समजून घेण्यात माझे दिवस जातात, आणि ते आकडे मुळात बायनरीतच येतात, म्हणून मला ते जमतं. पण त्या दिवशी मी तेच केलं जे आपण सगळे करतो. "तुला एक पीडीएफ पाठवतो," म्हणालो, पाठवली, आणि आपण कोणाला तरी मदत केली अशा समाधानात घरी गेलो.

दोन आठवड्यांनी तो पुन्हा भेटला. पीडीएफमधला तक्ता त्याने चोख पाठ केला होता: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. मी विचारलं, ११००००००? "एकशे ब्याण्णव." ११११००००? "दोनशे चाळीस." उत्तर येतंय की नाही तोवर पुढचं उत्तर. मग मी १०१०११०० लिहिलं, आणि तो थांबला. "दादा, हे त्या यादीत नाही."

ती यादी तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. नेटवर्कच्या मास्कमध्ये सगळे एक डावीकडे आणि सगळी शून्यं उजवीकडे असतात, त्यामुळे आठ बिटांच्या तुकड्यात फक्त नऊच आकडे येऊ शकतात: ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. त्याने हे नऊ आकडे आणि त्यांची नऊ चित्रं पाठ केली होती. बाकीच्या २४७ आकड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. दोष त्याचा नव्हता. पीडीएफ मी पाठवली होती.

माझं म्हणणं असं आहे की परीक्षेसाठी बायनरी शिकवताना आपण सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात आधी हातात देतो. तक्ता हे उत्तर आहे, आणि प्रश्न कळायच्या आत ते पाठ करून घेतलं जातं. आणि हे फक्त हमरियातल्या मुलांचं होतं असंही नाही. तुमच्या घरात दहावी-बारावीतलं कोणी संगणकशास्त्र शिकत असेल तर त्याला हाच आकडा विचारून बघा.

आता हे नुसतं शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचं कुरकुरणं वाटू नये, म्हणून त्या मुलाच्या कामातली एक गोष्ट सांगतो. एका साइटवर त्याला कॅमेरा जोडायचा होता. रेकॉर्डरचा पत्ता होता १९२.१६८.१०.७०, आणि मास्क दिलेला होता २५५.२५५.२५५.२२४. त्याने कॅमेऱ्याला १९२.१६८.१०.१०० दिला. पहिले तीन आकडे सारखे, चौथा जवळपासचा, मास्कही तोच. कॅमेरा काही केल्या दिसेना. सुपरवायझर म्हणाला केबल खराब. मस्कतच्या उन्हाळ्यात, एसी सुरू न झालेल्या इमारतीत, दुपारभर छतातून नवी केबल ओढली. तरीही दिसेना.

मास्कमधल्या २२४ चा अर्थ आहे १११०००००. म्हणजे शेवटच्या तुकड्यातले पहिले तीन बिट गल्लीचं नाव सांगतात आणि उरलेले पाच घराचा नंबर. ७० म्हणजे ०१०००११०, गल्ली ०१०. १०० म्हणजे ०११००१००, गल्ली ०११. गल्ल्याच वेगळ्या. ६४ ते ९५ ही एक गल्ली, ९६ ते १२७ ही पुढची. मध्ये राउटर नसेल तर एका गल्लीतला आवाज दुसऱ्या गल्लीत पोचत नाही. कॅमेऱ्याला ७१ ते ९४ मधला कुठलाही मोकळा आकडा चालला असता.

दशमानात ७० आणि १०० पाहून ही भिंत दिसत नाही. ६३ आणि ६४ तर सख्खे शेजारी वाटतात, पण बायनरीत एक ००११११११ आणि दुसरा ०१००००००, म्हणजे पहिला बिट सोडला तर एकही सारखा नाही. आयपी पत्ता मुळात ३२ बिटांची एक सलग पट्टी आहे. माणसांना वाचता यावी म्हणून तिचे आठ-आठचे चार तुकडे करून दशमानात लिहितात. लिहायला सोय होते आणि भिंती झाकल्या जातात. खासगी पत्त्यांतला १७२ चा पट्टा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच का, हे सगळे पाठ करतात. १६ म्हणजे ०००१००००, ३१ म्हणजे ०००१११११. पहिले चार बिट बांधलेले, पुढचे चार मोकळे. एकदा हे दिसलं की पाठ करायला काही उरतच नाही.

म्हणून "आजच्या काळात हातानं बायनरी कशाला करायला लावतात, कॅल्क्युलेटर आहे ना" ही तक्रार मला पटत नाही. सीसीएनएच्या केंद्रावर कॅल्क्युलेटर मिळत नाही. पुसता येणारी एक पाटी आणि मार्कर मिळतो. (पाटी! आपल्याला तर सवयीचं.) परीक्षकांचं इथे बरोबर आहे. कॅल्क्युलेटर उत्तर देतो, भिंत दाखवत नाही. चुकतं ते तयारी करून घेणाऱ्यांचं.

मग काय शिकवायचं? मी त्या दिवशी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, मी तुला एकेक अंक सांगत गेलो, एक, सात, दोन, तर तू मनात काय करतोस? थोडा विचार करून म्हणाला, "एक... मग सतरा... मग एकशे बहात्तर." बरोबर. नवा अंक आला की आधीचं सगळं दहापट होतं आणि नवा अंक त्यात मिळतो. आपण इतक्या लहानपणापासून हे करतो की करतो आहोत हेच विसरलो आहोत. बायनरीत दहापट ऐवजी दुप्पट. बाकी काही बदलत नाही.

१०१०११०० डावीकडून वाचायला घ्या. एक. पुढे शून्य: दुप्पट दोन. पुढे एक: दुप्पट चार आणि एक, पाच. शून्य: दहा. एक: एकवीस. एक: त्रेचाळीस. शून्य: शहाऐंशी. शून्य: एकशे बहात्तर. तक्ता लागला नाही, कुठल्या घरात काय लिहायचं हे आठवावं लागलं नाही, आणि आठ बिट असोत की बारा, पद्धत तीच. उलट जायचं तर निम्मं करत जा आणि बाकी लिहीत जा: १७२, ८६, ४३, २१, १०, ५, २, १. सम असेल तिथे शून्य, विषम असेल तिथे एक, आणि शेवटाकडून वाचा. पुन्हा १०१०११००.

इथे थोडं विषयांतर करतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना दशमानाची एक अडचण असते जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. आपण "बहात्तर" म्हणतो तेव्हा दोन आधी बोलतो आणि सत्तर नंतर, पण लिहितो सात आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "सत्तर दोन" अशा धर्तीची संख्यावाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? मंगला नारळीकरांनी परोपरीने समजावून सांगितलं, पण चर्चा भाषेच्या अस्मितेवरच फिरत राहिली. गंमत म्हणजे इथे ओमानमध्ये अरबीतही दोन आधी आणि सत्तर नंतर असंच म्हणतात. बायनरीला हा त्रास नाही. तिथे अंक जसा दिसतो तसाच बोलायचा. मला तर वाटतं मराठी मुलांना स्थानमूल्य शिकवायला बायनरी दशमानापेक्षा सोपी आहे.

आणि दुपटीची भाषा आपल्याला परकी नाही. धान्याची जुनी मापं आठवा. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. गावागावात मापांचा आकार वेगळा असे आणि नावंही थोडी बदलत, पण दुपटीची साखळी तीच. निळव्याला एक धरलं तर कोळवं २, चिपटं ४, मापटं ८, शेर १६, अधोली ३२, पायली ६४. पीडीएफमधला तक्ता हाच, फक्त पितळ्याचा आणि लाकडाचा.

हे सांगितल्यावर तो मुलगा हसायला लागला. "दादा, आमच्या आजीकडं मापटं आहे अजून. वहिनी आली तेव्हा तेच ओलांडून आत आली." मग मी विचारलं, प्रत्येक माप एकच आहे आणि पंचेचाळीस निळवी ज्वारी मोजायची आहे, कशी मोजशील? सगळ्यात मोठ्यापासून सुरू केलं त्याने. पायली नको, जास्त होते. अधोली भरली, उरले तेरा. शेर नको. मापटं भरलं, उरले पाच. चिपटं भरलं, उरलं एक. कोळवं नको. निळवं भरलं. आता भरलेल्या मापाखाली एक आणि रिकाम्या मापाखाली शून्य लिही म्हटलं. अधोलीपासून लिहिलं: १०११०१. पंचेचाळीस.

या मापांत एक सुंदर गोष्ट आहे. प्रत्येक माप एकेकच असलं तरी पुरतं. एक निळव्यापासून १२७ निळव्यांपर्यंत कुठलंही धान्य मोजता येतं, आणि प्रत्येकासाठी एकच पद्धत असते. एकच माप दोनदा भरावं लागलं तर त्याचा अर्थ पुढचं मोठं माप भरायचं राहून गेलं. शाळेत "हातचा" म्हणून जे शिकवतात ते हेच. बायनरीत अंक दोनच का, याचं उत्तर यात आहे: माप भरलं किंवा नाही भरलं, तिसरी गोष्ट नसते.

पैशांचंही तसंच होतं. रुपयाच्या दोन अधेल्या, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे, आण्याचे दोन ढब्बू, ढब्बूचे दोन पैसे. रुपयाचे पैसे ६४. मस्कतलाही हे अपरिचित नाही. सुलतान फैसल बिन तुर्की यांनी १८९० च्या दशकात पाव आण्याची तांब्याची नाणी पाडली होती, म्हणजे आपला एक पैसाच. पुढे १९५९ पासून रिझर्व्ह बँकेचा खास आखातासाठी काढलेला रुपया इथे चालला, तो १९७० मध्ये ओमानचं स्वतःचं रियाल येईपर्यंत. आज रियालचे हजार बैसे होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. चहाच्या बिलासाठी शंभर बैशांची नोट काढताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता पिंगलाकडे येतो, कारण मी आलो नाही तर प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी येणारच. "संगणकाची भाषा पिंगलाने शोधली" हा निरोप तुम्हालाही दर सहा महिन्यांनी येत असेल. तो तसा खरा नाही. पिंगलाने बायनरीत बेरीज-वजाबाकी केली नाही. स्थानमूल्यासकट बायनरी अंकगणित मांडणारा लायब्निट्झचा प्रसिद्ध निबंध १७०३ चा आहे. पण पिंगलाने जे केलं ते या परीक्षेच्या प्रश्नाच्या इतकं जवळ आहे की फुशारकीची गरजच पडत नाही. छंदशास्त्रात त्याला प्रश्न पडला होता: अमुक इतक्या अक्षरांच्या वृत्तात लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य रचना क्रमाने मांडल्या तर त्यातली अमुक रचना कितवी? याला उद्दिष्ट म्हणतात. आणि उलट, अमुक क्रमांकाची रचना कोणती? याला नष्ट. एक म्हणजे बायनरीचं दशमान, दुसरं म्हणजे दशमानाचं बायनरी.

शाळेत आपण गण शिकलो ते यमाताराजभानसलगम् म्हणून. पण पिंगलाचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे. गुरूला शून्य आणि लघूला एक धरून, डावीकडचं अक्षर सगळ्यात लहान समजून वाचा: म शून्य, य एक, र दोन, स तीन, त चार, ज पाच, भ सहा, न सात. सरळ मोजणी. पिंगल मोजणी एकपासून सुरू करतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात भ गण सातवा. हे काढायची त्याची रीत अशी: एक घ्या, शेवटच्या अक्षराकडून सुरुवातीकडे या, प्रत्येक अक्षराला दुप्पट करा, आणि अक्षर गुरू असेल तर एक वजा करा. भ म्हणजे गुरू, लघू, लघू. शेवटून: लघू, दोन. लघू, चार. गुरू, आठ वजा एक, सात. मी त्या मुलाला शिकवली ती दुपटीची रीत हीच, फक्त मोजणी कुठून सुरू होते एवढाच फरक.

नंतरच्या काळातल्या केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरात दुसरी रीत आहे. अक्षरांच्या डोक्यावर १, २, ४ असे दुप्पट होत जाणारे आकडे मांडा, लघूवरचे आकडे मिळवा, वर एक घाला. भ गणात लघूंवर २ आणि ४. बेरीज सहा, अधिक एक, सात. हा पीडीएफमधला तक्ता. म्हणजे आज परीक्षेच्या तयारीत शिकवल्या जाणाऱ्या दोन्ही रीती संस्कृत छंदशास्त्रात आहेत, आणि गंमत बघा, तिथेही दुपटीची रीत आधी येते, तक्ता नंतर. यावरून शिक्षणशास्त्राचा सिद्धांत काढू नये, पण मला बरं वाटलं हे खरं.

आता एक आक्षेप, जो माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. "यंत्रं हे रूपांतर सेकंदाला कोट्यवधी वेळा करतात आणि कधी चुकत नाहीत. माणसाने ते समजून घेण्यात वेळ का घालवावा?" चुकत नाहीत हे पूर्णांकांपुरतं खरं आहे. परीक्षेत पूर्णांकच असतात, म्हणून हे कधी कळत नाही. अपूर्णांक आला की गोष्ट बदलते.

१ एप्रिल १९५७ ला भारतात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा होतात, पण सव्वासहा नव्या पैशांचं नाणं नसतं, म्हणून आण्याला सहा. चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस. म्हणजे आण्याची वस्तू चारदा वेगवेगळी घेतली तर चोवीस पैसे आणि एकदम घेतली तर पंचवीस. इथे निदान अडचण फक्त नाण्यांची होती. कागदावर पाव, अष्टमांश, सोळांश, चौसष्टांश सगळे दशमानात संपतात: ०.२५, ०.१२५, ०.०६२५, ०.०१५६२५. कारण दहामध्ये दोन हा अवयव आहे. उलट दिशेला तसं नाही. दोनमध्ये पाच नाही. म्हणून एक दशांश बायनरीत लिहायला गेलात तर ०.०००११००११००११... असा तो कधी संपतच नाही. मापटं-चिपट्यांनी, ती कितीही लहान करत गेलात तरी, पायलीचा बरोबर दहावा हिस्सा मोजता येणार नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडला की चूक राहते.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियात धहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा शंभर तासांहून जास्त वेळ न थांबता चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होतं, आणि त्याचे सेकंद करताना एक दशांश हा आकडा २४ बिटांत तोडलेला होता. प्रत्येक ठोक्याला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. शंभर तासांत छत्तीस लाख ठोके. साचून चूक झाली सुमारे ०.३४ सेकंद. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, आणि स्कड बराकीवर पडलं. २८ सैनिक गेले. सुधारलेली संगणकप्रणाली धहरानला दुसऱ्या दिवशी पोचली.

नेटवर्क तंत्रज्ञाला क्षेपणास्त्रं सांभाळायची नसतात, मला माहीत आहे. पण रूपांतर यंत्राने केलं म्हणजे ते कोणीच समजून घ्यायला नको, या विचाराची किंमत काय असते ते या प्रसंगात आहे. कॅमेऱ्याच्या प्रसंगात किंमत एक दुपार आणि शंभरेक मीटर केबल होती. दोन्ही ठिकाणी यंत्राने सांगितलं तसंच केलं होतं.

आता या मुलाच्या बाजूने पाहू. परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे साधारण ११५ रियाल, वर कर. घरी पैसे पाठवून जे उरतं त्यातून एवढे साठवायला त्याला काही महिने लागले. नापास झाला तर पुन्हा तेवढेच. २०१८ च्या जानेवारीत ओमान सरकारने ८७ पदांसाठी परदेशी माणसांचे नवे व्हिसे थांबवले होते, आणि त्यात माहिती-तंत्रज्ञानातली पदंही होती. आपल्या मुलांना आधी काम मिळावं असं कुठल्याही देशाला वाटणारच, त्यात गैर काही नाही. पण बाहेरून आलेल्याला हेल्परचा तंत्रज्ञ व्हायचं असेल तर हातात कागद असावा लागतो, आणि तो जितका लवकर मिळेल तितका बरा. म्हणून ही मुलं घाई करतात, आणि घाईचा धंदा करणारेही आहेतच. फुटलेल्या प्रश्नांचे संच व्हॉट्सॲपवर दहा-पंधरा रियालला मिळतात. त्यालाही कोणीतरी देऊ केला होता. तसं करताना सापडलं तर परीक्षा रद्द होते, प्रमाणपत्र जाऊ शकतं. न सापडता पास झाला तरी पुढच्या साइटवर ७० आणि १०० त्याला शेजारीच दिसणार.

प्रश्नांचे संच विकणाऱ्यांवर रागवायला मला आवडेल, पण आपण जी पीडीएफ पाठवतो तीही त्याच जातीची आहे. फरक इतकाच की ती फुकट असते आणि पाठवणाऱ्याला अपराधी वाटत नाही. समोरचा कुठे अडला आहे हे न विचारता दिलेलं उत्तर. हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी सबनेटिंग झोपेत येत असेल. दुबईत, दोह्यात, सिंगापुरात, न्यू जर्सीतसुद्धा तुमच्या शहराचा एखादा हमरिया असेलच, आणि तिथून कोणीतरी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवण वाढायला, मांडव बांधायला येतच असेल. तो कधीतरी विचारेल, बहुतेक संकोचत, "दादा" किंवा "ताई" म्हणून. तेव्हा फोन खिशात ठेवा. मला त्या मुलाबरोबर एकूण दीड तास लागला, त्यात दोन चहा आले. आणि त्या दीड तासात मीही एक गोष्ट शिकलो: पंचवीस वर्षं बायनरी वापरूनही मापट्याचा विचार मी कधी "हातचा" म्हणून केला नव्हता. ते त्याने केलं. "म्हणजे मापटं दोनदा भरलं तर शेरच की," असं तो सहज बोलून गेला, आणि वर मी जे लिहिलं आहे ते तिथून आलं.

तक्ता पाठ करू नको असं मी त्याला सांगितलेलं नाही. १२० मिनिटांच्या परीक्षेत तक्त्याने वेळ वाचतो. केंद्रावर पाटी मिळाली की पहिल्यांदा तोच लिही, असंच सांगितलं. पण आता तो विसरला तरी एकपासून दुप्पट करत तो स्वतः लिहू शकतो.

गेल्या शुक्रवारी निघताना मी बिलाच्या मागे ११०१०११० लिहून त्याच्याकडे सरकवलं. त्याने पेन घेतलं नाही. रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात ओठ हलवत राहिला. "एक... तीन... सहा... तेरा... सव्वीस... त्रेपन्न... एकशे सात..." मग जरा थांबून, "दोनशे चौदा. यादीत नाही, दादा." परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.